शंभरातले तीन

१००, १५, ६, ३. पित्ताशयातला खडा गोळ्यांनी विरघळवायचा हिशेब या चार आकड्यांत मावतो.

खडे असलेल्या १०० जणांपैकी साधारण १५ जणच या उपचाराला लायक ठरतात. खडा कोलेस्टेरॉलचा आणि लहान हवा, कॅल्शियमने टणक झालेला नको, शिवाय पित्ताशयाची नळी उघडी हवी. गोळीचं नाव अर्सोडीऑक्सिकोलिक आम्ल. ६० किलोच्या माणसाला दिवसाला ३०० मिलिग्रॅमच्या दोन. खडा झिजतो महिन्याला जेमतेम १ मिलिमीटर, म्हणून औषध सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत चालतं. अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र मांडले तेव्हा पूर्ण विरघळण्याचं प्रमाण ३७ टक्क्यांच्या आसपास निघालं. १५ चे झाले पाच-सहा. गोळी थांबल्यावर पाच वर्षांत त्यातल्या जवळपास निम्म्यांना खडे पुन्हा होतात, कारण खडे तयार करणारी पिशवी जागेवरच असते. उरले तीन.

याच्या आधीच्या पिढीतलं औषध तर आणखी लंगडं होतं. १९८१ साली अमेरिकेत ९१६ रुग्णांवरच्या चाचणीचे निकाल आले. रोज ७५० मिलिग्रॅम चीनोडीऑक्सिकोलिक आम्ल दोन वर्षं घेणाऱ्यांत खडे पूर्ण गेले १३.५ टक्क्यांचे, नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत ०.८ टक्क्यांचे.

तरीही ‘ऑपरेशन नको, औषधाने पाडा’ हा आग्रह सुटत नाही, आणि त्याचं एक कारण मला भाषेत दिसतं. बिदर-उदगीर रस्त्यावरच्या कमलनगरात मराठी बोला नाहीतर कन्नड, मूत्रपिंडातला आणि पित्ताशयातला दोन्ही ‘खडा’च, कन्नडमध्ये दोन्ही ‘कल्लु’. मग मुतखड्यावरची पानफुटीची पानं आणि हुलग्याचं माडगं पित्ताशयाच्या खड्यालाही सांगितलं जातं. मुतखड्याच्या बाबतीत ‘पाडणं’ हा शब्द बरोबर आहे: ५ मिलिमीटरपर्यंतच्या मुतखड्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश आपोआप लघवीवाटे निघून जातात. पित्ताशयातला खडा पडला तर जातो मुख्य पित्तनलिकेत, आणि तिचं आतड्यातलं तोंड बहुतेकांत स्वादुपिंडाच्या नळीशी सामाईक असतं. तिथे अडकला की कावीळ, ताप, नाहीतर स्वादुपिंडाची जीवघेणी सूज. एका अभ्यासात ५ मिलिमीटरपेक्षा लहान खडे असणाऱ्यांत या सुजेचा धोका चौपटीहून जास्त आढळला. एकीकडे ५ मिलिमीटर म्हणजे सुटका, दुसरीकडे संकट. (‘पित्त झालंय’ म्हणून आम्लपित्ताच्या गोळ्या खात बसणं हा याच घोटाळ्याचा दुसरा अंक.)

ऑलिव्ह तेल आणि लिंबूरस पिऊन ‘खडे पडल्याचे’ फोटो मोबाइलवर फिरतात. न्यूझीलंडच्या डॉक्टरांनी असे हिरवट खडे तपासले आणि २००५ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापला: ७५ टक्के मेदाम्लं, कोलेस्टेरॉल शून्य. ४० अंश सेल्सिअसला दहा मिनिटांत ते वितळले. तेल आणि लिंबापासून पोटातच तयार झालेला तो साबण होता.

ध्वनिलहरींनी खडा फोडण्याचा प्रयोग म्युनिकमध्ये १९८५ साली झाला. पहिल्या १७५ निवडक रुग्णांपैकी वर्ष-दीड वर्ष पाठपुरावा झालेल्यांत ९१ टक्के खडेमुक्त होते. आकडा देखणा आहे, पण खड्यांची संख्या आणि आकार पाहून माणसं निवडलेली होती, जोडीला गोळ्याही होत्या. त्याच वर्षी त्याच जर्मनीत एरिख म्यूह यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. १९९० मध्ये डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ही शस्त्रक्रिया भारतात आणली आणि खडा फोडण्याचं यंत्र मागे पडलं.

मग बिनशस्त्रक्रियेचा सर्वांत यशस्वी उपचार कोणता? काहीच न करणं. खडे असलेल्यांपैकी सुमारे ८० टक्के लोकांना ते कधी त्रास देत नाहीत. दुसऱ्याच कारणाने सोनोग्राफी होते आणि खडा ‘सापडतो’. मिशिगन विद्यापीठातल्या, त्रास न देणारे खडे असलेल्या १२३ जणांचा पाठपुरावा १९८२ साली प्रसिद्ध झाला: पाच वर्षांत दुखणं सुरू होण्याची शक्यता १० टक्के, दहा वर्षांत १५, वीस वर्षांत १८. तीन सेंटिमीटरपेक्षा मोठा खडा असेल तर गोष्ट वेगळी. तिथे कर्करोगाचा धोका वाढतो आणि डॉक्टर शस्त्रक्रिया सुचवतात. पण एकदा कळ आली की हे आकडे लागू राहत नाहीत. तेव्हा पुढची कळ येणार, हेच गृहीत धरायचं.

खडा आधीच नलिकेत उतरला असेल, तर मात्र पोट न फाडता तो खरोखर निघतो. तोंडावाटे दुर्बीण आतड्यापर्यंत नेऊन नळीचं तोंड किंचित कापतात आणि खडा ओढून काढतात. १९७४ पासून चालत आलेली ही ‘ईआरसीपी’ दहापैकी साडेआठ-नऊ वेळा यशस्वी होते. तीतही स्वादुपिंड सुजण्याचा धोका काही टक्क्यांत असतोच. कमलनगरकरांना हैदराबाद काही परकं नाही, आणि तिथलं डॉ. नागेश्वर रेड्डी यांचं केंद्र याच कामासाठी जगात ओळखलं जातं. खडा निघतो, कावीळ उतरते. आणि घरी सोडताना डॉक्टर बहुतेकांना सांगतात, आता पित्ताशय काढून घ्या.