चकती निवडा, कोपर सांभाळा

मागच्या हिवाळ्यात मोखाड्याचे एक निवृत्त गुरुजी कोपर धरून तपासणीला आले. परदेशातून सुटीवर आलेल्या मुलाने डिस्क गोल्फच्या चकत्या आणल्या होत्या. माळावर बापलेक रोज खेळत. गुरुजींची चकती दर वेळी वीस पावलांवर डावीकडे वळून पडे, म्हणून ते जोर वाढवत गेले. चूक जोरात नव्हती, चकतीच्या निवडीत होती.

हा खेळ १९७० च्या दशकात अमेरिकेत रुजला. कमीत कमी फेकींत चकती साखळ्यांच्या टोपलीत टाकायची. आपल्याकडे दगडावर ठेवलेली बांबूची पाटीही चालते. चालणे, वाकणे, नेम धरणे असा पन्नाशीनंतर झेपणारा व्यायाम होतो.

चकती भोवऱ्यासारखी गरगरत जाते. फिरत्या भोवऱ्याला बोट लावले तर तो ढकलल्या दिशेला न पडता बाजूला झुकतो. चकतीचा वेग मंदावला की हवा तिचा पुढचा काठ उचलू पाहते, पण फिरत असल्यामुळे ती बाजूला कलते. उजव्या हाताने, छातीपासून बाहेर हात नेत फेकली तर डावीकडे. हे कलणे ज्या चकतीत जास्त, ती ओव्हरस्टेबल.

मग ती घ्यायची कशाला? जव्हारच्या पठारावर समोरून वारा आला की साधी चकती उलटून उजवीकडे भरकटते. ओव्हरस्टेबल चकती वाट सोडत नाही. कुठे वळणार हे आधी ठाऊक असल्याने टोपलीजवळ जाण्यासाठी ती भरवशाची.

बऱ्याच चकत्यांवर चार आकडे असतात: वेग, तरंगणे, सुरुवातीचे उजवे वळण आणि शेवटचे डावे वळण. टोपलीजवळच्या फेकीसाठी पहिला आकडा ३ किंवा ४, तिसरा शून्याच्या आसपास आणि चौथा ३ च्या आसपास असावा. गुरुजींच्या चकतीचा पहिला आकडा ११ होता. तशी चकती नीट उडायला लागणारा वेग नवख्या हातात नसतो. हळू चकतीही फार लवकर डावीकडे पडत असेल, तर जोर वाढवू नका. चौथा आकडा १ किंवा २ असलेली घ्या. दुकानात ती हातात धरून पाहा. काठ बोटांत सहज बसला पाहिजे.

खेळण्याआधी खांदे आणि मनगटे दहा मिनिटे मोकळी करा. जोर हाताचा नको, पाय आणि कंबर वळवून आलेला हवा. कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखू लागले तर खेळ थांबवा. बोटांना मुंग्या येत असतील, खांदा रात्री झोपू देत नसेल किंवा दोन आठवड्यांत दुखणे कमी झाले नाही, तर डॉक्टरांना दाखवा. तेल चोळून खेळत राहू नका. चकतीचा काठ कडक असतो. समोर मुले किंवा गुरे असताना फेकू नका.

गुरुजींचे कोपर बरे व्हायला दीड महिना लागला. आता त्यांच्याकडे ३ आकड्याची चकती आहे. ती लांब जात नाही, पण पाटीजवळ पडते.