ब्रँच काढणं सोपं, परत जोडणं अवघड

आजचा विषय गिटमधल्या ब्रँचचा आहे, पण सुरुवात आपण अलिबागपासून करू.

मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या घोड्यांच्या ट्रामा विजेवर न्यायचं ठरलं. जवळून विजेचा प्रवाह गेला की वेधशाळेतल्या नाजूक चुंबकांच्या नोंदी बिघडणारच. म्हणून वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांच्या काळात हे काम खाडीपलीकडे, साधारण तीस किलोमीटरवरच्या अलिबागला हलवलं गेलं. तिथे १९०४ मध्ये नोंदी सुरू झाल्या. आता खरी गोष्ट ऐका. अलिबाग सुरू झालं म्हणून कुलाबा लगेच बंद केलं नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी चालू ठेवल्या. प्रत्येक जागेचं चुंबकत्व थोडं निराळं असतं. एकाच दिवसाचे दोन्हीकडचे आकडे हातात असल्याशिवाय त्यांतला फरक कळणार कसा, आणि फरक कळल्याशिवाय जुनी मालिका नव्या मालिकेला जोडणार कशी? साठेक वर्षांचं काम त्या सांध्यावर अवलंबून होतं. विजेची ट्राम १९०७ मध्ये धावली, तोवर हा सांधा तयार होता.

म्हणजे फाटा का काढला हे स्पष्ट होतं, आणि जोडायला लागणारा पुरावा दोन्ही फाटे जिवंत असतानाच गोळा केला. आपल्याकडे बहुतेक वेळा याच्या उलट होतं.

गिटमध्ये ब्रँच म्हणजे कोडची वेगळी प्रत नव्हे. ते एका कमिटवर ठेवलेलं बोट असतं. कमिटचा चाळीस अक्षरांचा क्रमांक लिहून ठेवला, झाली ब्रँच. त्यामुळे ती काढायला क्षणभरही लागत नाही, आणि आपण काढत सुटतो. जोडताना मात्र गिट तीन गोष्टी बघतं: आपली बाजू, समोरची बाजू आणि दोघांचा शेवटचा समान पूर्वज. पूर्वज जितका जुना, तितकं दोन्ही बाजूंना बदललेलं जास्त. मांडव्याच्या होड्या पावसाळ्यात बंद होतात तेव्हा काढलेली ब्रँच नारळी पौर्णिमेनंतर जोडायला घेतली, तर कॉन्फ्लिक्टचा ढीग येणारच. उपाय कंटाळवाणा आहे: रोज, निदान दोन दिवसांनी, मुख्य ब्रँचचे बदल आपल्या ब्रँचमध्ये ओढून घ्यायचे. कंटाळा थोडा थोडा वाटून घेतलेला बरा.

पण आम्हाला कॉन्फ्लिक्टची तेवढी भीती वाटत नाही. तो निदान ओरडतो तरी. भीती आहे ती मुकाट्याने होणाऱ्या मर्जची. समजा, आपण होडीच्या तिकिटांचा प्रोग्राम लिहितोय. मुख्य ब्रँचवर कुणीतरी भाडं रुपयांऐवजी पैशांत मोजायचं ठरवलं आणि भाडं घेणारं फंक्शन आणि ते वापरणाऱ्या तेव्हाच्या सगळ्या जागा नीट बदलल्या. त्याच वेळी दुसऱ्या ब्रँचवर आपण नवीच फाइल लिहिली, गट-तिकिटांची, आणि तिथून तेच फंक्शन रुपये देऊन बोलावलं. दोघांनी एकाही सामाईक ओळीला हात लावलेला नाही. गिट म्हणतं, सगळं ठीक. आणि दोनशे रुपयांचं तिकीट दोन रुपयांना जातं! गिट ओळी जुळवतं, अर्थ नाही. म्हणून दोन्ही ब्रँचवर चाचण्या पास झाल्या याचा अर्थ काहीच नाही. मर्जनंतर जो कोड तयार होतो त्यावर त्या पुन्हा चालवायला हव्यात.

दुसरा फटका रिलीज ब्रँचचा. ग्राहकाकडे चूक सापडते, घाईघाईत तिथेच दुरुस्ती होते, सगळे सुटकेचा श्वास सोडतात. ती दुरुस्ती मुख्य ब्रँचवर न्यायची राहून जाते आणि पुढच्या आवृत्तीत तीच चूक हजर. ग्राहकाला हे समजावून सांगणं फार अवघड असतं बरं का. त्यामुळे शक्य असेल तर दुरुस्ती आधी मुख्य ब्रँचवर करायची आणि मग रिलीजवर आणायची.

रिबेसबद्दल थोडक्यात. रिबेसनं इतिहास सरळ दिसतो, पण कमिट नव्यानं तयार होतात. ज्या ब्रँचवर एकट्याचंच काम आहे तिथे खुशाल करा. दुसऱ्या कुणी तीच ब्रँच घेऊन काम सुरू केलं असेल, तर त्याच्या पायाखालची जमीनच सरकते. आणि त्यावर फोर्स पुश केला, तर मधल्या वेळात त्यानं पाठवलेलं काम सर्व्हरवरच्या ब्रँचवरून नाहीसं होतं. करावाच लागला तर फोर्स विथ लीज वापरा. आपण शेवटचं पाहिल्यानंतर तिथे काही नवं आलं असेल तर तो थांबतो. मात्र पुशच्या आधी फेच केलेलं असेल, तर ते नवं आपण पाहिलंच आहे असं तो धरतो, एवढं ध्यानात ठेवा.

जुन्या ब्रँच पुसायला लोक घाबरतात, आणि मग दोनशे नावांच्या यादीत चालू कोणती हेच कळत नाही. मर्ज झालेली ब्रँच बिनधास्त पुसा. छोटा डी वापरलात तर मर्ज न झालेली ब्रँच गिट पुसूच देत नाही. मोठा डी मात्र विचारत नाही. चुकून गेलीच, तर आपल्याच मशीनवरच्या रिफ्लॉगमध्ये अशा कमिटची नोंद सहसा तीस दिवस टिकते. तिथून क्रमांक उचलायचा आणि त्यावर पुन्हा बोट ठेवायचं.