लाल पान आणि संगणक

ऑक्टोबरच्या सुमारास परभणीकडच्या काळ्या रानात कपाशीची पाने लाल पडू लागतात. शेतकरी म्हणतो, 'लाल्या आला.' पण लाल्या हे काही एकाच रोगाचे नाव नव्हे. मॅग्नेशियम कमी पडले, रात्री एकदम थंडी वाढली किंवा पानाखाली बसून तुडतुड्यांनी रस शोषला, तरी पान लाल दिसू शकते. हरितद्रव्य घटते आणि अँथोसायनीन हे लाल रंगद्रव्य डोळ्यांत भरते. पहिल्या कारणावर मॅग्नेशियम सल्फेटची फवारणी करतात. तुडतुड्यांवर तिचा उपयोग नाही. मग अशा पानाचा मोबाइलवर फोटो काढला, तर संगणक खरे कारण सांगेल काय?

संगणकाला पान दिसत नाही, आकडे दिसतात. फोटो म्हणजे बारीक चौकटींचा तक्ता. प्रत्येक चौकटीत लाल, हिरवा व निळा या रंगांची तीव्रता आकड्यांत नोंदलेली असते. 'हा करपा', 'हे निरोगी' अशी नावे लावून हजारो फोटो पुरवले की आकड्यांतील साम्य तो शोधून काढतो. २०१६ साली मोहंती, ह्यूज व सालाते या संशोधकांनी १४ पिकांच्या पानांचे ५४,३०६ फोटो घेऊन हे करून पाहिले. ९९ टक्क्यांहून अधिक उत्तरे बरोबर आली. वेगळ्या परिस्थितीत काढलेले फोटो दाखवताच मात्र हे प्रमाण ३१ टक्क्यांच्या आसपास घसरले. शिकवणीतली पाने तोडून, साध्या पार्श्वभूमीवर ठेवलेली होती. शेतात सावली, माती, शेजारचे पान असे सारेच फोटोत येते. पाठांतर करणाऱ्या विद्यार्थ्याला प्रश्न फिरवून विचारल्यावर काय होते, ते शिक्षकांना सांगायला नको!

गुलाबी बोंडअळीपुढे तर कॅमेऱ्याचे काहीच चालत नाही. अंड्यातून निघालेली अळी लवकरच फुलात किंवा बोंडात शिरते, छिद्र बुजते आणि बोंड वरून धडधाकट दिसते. २०१७ च्या हंगामात राज्यात या अळीने मोठे नुकसान केले. म्हणून अळीऐवजी तिचा पतंग मोजतात. कामगंध सापळ्यात मादीच्या गंधासारखे रसायन असते. त्याला भुलून नर येतात. एका सापळ्यात रोज आठ पतंग, असे सलग तीन दिवस सापडले की उपाययोजनेची वेळ झाली असे मानतात. पतंग कागदावर पसरून फोटो काढला, तर ही मोजणी संगणकाला तुलनेने सोपी जाते.

आमच्या मते अधिक मोलाचे काम नोंदींचे आहे. २००८ मध्ये सोयाबीनवर स्पोडोप्टेरा, म्हणजे पाने खाणाऱ्या अळीचा मोठा उद्रेक झाला. त्यानंतर २००९-१० पासून राज्यात 'क्रॉपसॅप' हा प्रकल्प सुरू झाला. ठरावीक शेतांत जाऊन किडी मोजायच्या, आकडे संगणकाच्या जाळ्यावर पाठवायचे, कृषी विद्यापीठातील तज्ज्ञांनी ते पाहून सल्ला द्यायचा आणि तो शेतकऱ्याच्या मोबाइलपर्यंत पोचवायचा, अशी ही साखळी. मराठवाड्यासाठी परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ तिच्यात आहे. एका शेतातली कीड शेतकऱ्याला दिसतेच. ती तालुकाभर वाढते आहे हे असे आकडे एकत्र आल्यावरच कळते. अर्थात पहिली मोजणी शेतात उभ्या असलेल्या माणसाचीच.

आमच्याकडे येणारे बहुतेक फोटो पानाच्या वरच्या बाजूचे असतात. शाळेजवळ कपाशी असेल, तर विद्यार्थ्यांना लाल पान उलटून पाहायला सांगावे. तुडतुडे असतील तर ते तिरके चालत बाजूला सरकतात. फोटो दोन्ही बाजूंचे काढावेत.