रनिंग बॅकचा क्रम : कागदावरचा आणि मैदानावरचा

ऑगस्ट संपत आला की अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या गावांत एका कागदावरून डोकी तापायला लागतात. हा कागद म्हणजे डेप्थ चार्ट : कोणत्या जागेवर पहिला कोण, दुसरा कोण, तिसरा कोण. त्यातही रनिंग बॅकच्या रकान्यावरून होणारी भांडणं जास्त कडवट. रनिंग बॅक म्हणजे हल्ल्याची सूत्रं सांभाळणाऱ्या क्वार्टरबॅककडून चेंडू घेऊन समोरच्या गर्दीत घुसणारा गडी. त्याची चमक आणि चूक दोन्ही शेवटच्या रांगेतूनही दिसतात. 'आपला हिरा तिसऱ्या नंबरवर? कोचला डोळे नाहीत का?' कोलंबसला किंवा ऑस्टिनला शिकायला गेलेली मराठी पोरंही एखाद्या हंगामात या वादात ओढली जातात. राग समजण्यासारखा आहे. त्यामागच्या समजुती मात्र तपासून घ्याव्यात अशा आहेत.

पहिली समजूत अशी, की चार्ट हा पक्का, अधिकृत निकाल असतो. तसं काही नाही. क्रिकेटमध्ये नाणेफेकीच्या वेळी दिलेल्या संघाच्या यादीला जे वजन असतं, ते याला नाही. कॉलेज खेळांचं नियमन करणारी एनसीएए असा चार्ट मागतच नाही. तो प्रतिस्पर्धीही वाचणार हे कोचला ठाऊक असतं, म्हणून दोन-तीन नावांमध्ये 'किंवा' छापून तो मोकळा होतो. बंधनकारक असते ती काही लीगमधली उपलब्धतेची यादी : बिग टेनने ती २०२३ मध्ये सुरू केली, एसईसीने २०२४ मध्ये. दुखापतीमुळे कोण बाहेर, हे तिथे कळतं.

कागदाचा क्रम किती टिकतो, याचा दाखला ६ सप्टेंबर १९८० चा आहे. नॉक्सव्हिलला टेनेसीविरुद्ध जॉर्जियाचा हंगामातला पहिला सामना. जॉर्जियाचा नवखा हर्शेल वॉकर चार्टवर तिसरा. दुसऱ्या सत्रात त्याला आत सोडलं. पुढे संघ २-१५ असा मागे असताना त्याने बिल बेट्स या बचावपटूला अक्षरशः तुडवत १६ यार्डांचा टचडाउन केला, मग आणखी एक. जॉर्जिया १६-१५ ने जिंकली आणि त्या हंगामात राष्ट्रीय विजेतीही ठरली.

दुसरी समजूत : जो सगळ्यांत चांगला धावतो, तोच पहिला हवा. ही सगळ्यांत हट्टी, आणि इथेच चाहते आणि कोच दोन वेगळे खेळ बघत असतात. समजा, तिसरा डाउन, म्हणजे तिसरा प्रयत्न आहे, अजून आठ यार्ड जायचं बाकी, म्हणजे पास येणार हे स्टेडियमभर ठाऊक. समोरचा एक लाइनबॅकर, म्हणजे मधल्या फळीतला बचावपटू, दोन पावलं पुढे येतो, मागे जातो, आणि चेंडू सुटताच फटीतून सुसाट आत शिरतो. या वेळी रनिंग बॅकच्या हातात चेंडू नसतो. कोण येतोय हे क्षणात ओळखायचं, आपल्यापेक्षा वजनदार माणसाच्या छातीवर जाऊन आदळायचं आणि क्वार्टरबॅकला दोन सेकंद मिळवून द्यायचे, एवढंच त्याचं काम. ते चुकलं तर क्वार्टरबॅक स्ट्रेचरवरून बाहेर जाऊ शकतो. शाळेत शेकड्यांनी यार्ड पळालेल्या पोराला हे काम क्वचितच करावं लागलेलं असतं. तिथे चेंडू त्याच्याच हातात असायचा. त्यात सरावात चेंडू हातून दोनदा निसटला की कोचचा विश्वास उडालाच. सराव बहुतेक बंद दाराआड होतो, त्यामुळे चाहत्यांना कारण दिसत नाही, फक्त क्रम दिसतो.

दुसरा नंबर म्हणजे कारकीर्द संपली, हेही खरं नाही. ओक्लाहोमा स्टेटचा बॅरी सँडर्स १९८७ मध्ये थर्मन थॉमसच्या मागे होता. पुढच्या वर्षी त्याने ११ सामन्यांत २,६२८ यार्ड काढले. २०२४ मध्ये बॉइझी स्टेटचा ॲश्टन जेंटी १४ सामने खेळूनही या एका हंगामातल्या विक्रमाला २७ यार्ड कमी पडला. अलाबामाचा जॉश जेकब्स २०१८ मध्ये डेमियन हॅरिसच्या मागे. एनएफएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे खेळाडू-निवडीत, मात्र जेकब्स पहिल्या फेरीत गेला, हॅरिस तिसऱ्या. २०२२ मध्ये १,६५३ यार्डांसह जेकब्स एनएफएलमध्ये अव्वल होता. चेंडू घेऊन पळायच्या कमी खेपा म्हणजे कमी मार, असाही हिशोब व्यावसायिक संघ करतात.

'दोघांना वाटून देणं म्हणजे कोचला ठरवता येत नाही' हे तर मला अजिबात पटत नाही. ओहायो स्टेटने २०२४ च्या हंगामात ट्रेव्हियन हेंडरसन आणि ओल मिसहून आणलेला क्विनशॉन जडकिन्स या दोघांना खेळवलं. दोघांनीही हजार यार्ड ओलांडले आणि संघ राष्ट्रीय विजेता झाला. उलट उदाहरणही आहे : २०१५ मध्ये अलाबामाने डेरिक हेन्रीला ३९५ वेळा चेंडू दिला, त्याने २,२१९ यार्ड काढले आणि कॉलेजमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा हाइझमन करंडक नेला. हाच हेन्री २०१३ च्या हंगामात बहुतेक वेळ बाकावर होता.

नवख्याला बसवलं म्हणजे त्याचं वर्ष वाया गेलं असंही नाही. २०१८ पासून 'रेडशर्ट', म्हणजे वर्षभर राखून ठेवलेल्या, खेळाडूला चार सामन्यांपर्यंत उतरवलं तरी ते वर्ष त्याच्या खेळण्याच्या ठरावीक वर्षांतून वजा होत नाही.

एका बाबतीत मात्र चाहत्यांचा राग मला रास्त वाटतो. पूर्वी कोच म्हणे 'थांब, तुझी पाळी येईल', आणि पोरगा थांबे. संघ बदलला तर बहुधा एक वर्ष बाहेर बसावं लागे. २०२१ मध्ये एकदा बदलायची मोकळीक मिळाली, आणि २०२४ पासून अभ्यासाच्या अटी पाळल्या तर कितीही वेळा. आता तिसऱ्या नंबरवरचा गुणी पोरगा हंगाम संपला की सामान बांधतो आणि पुढच्या हंगामात दुसऱ्याच्या रंगात दिसतो. त्याला चार सामन्यांत दहा-दहा खेपाही न देणारा कोच सावध नव्हे, आळशी म्हणावा लागेल.

तेव्हा येत्या शनिवारी कागद बाजूला ठेवा आणि दोनच गोष्टी बघा : तिसऱ्या डाउनला क्वार्टरबॅकच्या शेजारी कोण उभा आहे, आणि चौथ्या सत्रात आघाडी राखायची असताना चेंडू कोणाला दिला जातो. दोन्हीकडे एकच पाठ दिसली, तर तो पहिला, मग चार्टवर त्याचं नाव कुठेही असो.