चिमुकल्या विमानांवरची खूण

खेळण्यातले विमान आणि विमानाची प्रतिकृती या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे आधी सांगितले पाहिजे. खेळण्यातले विमान कसेही असले तरी चालते. प्रतिकृती ठरलेल्या मापाची असते. फार रुळलेले माप म्हणजे एकास बहात्तर. खऱ्या विमानाचे सहा फूट येथे एका इंचात बसवायचे. दुसऱ्या महायुद्धातील हरिकेन हे लढाऊ विमान घ्या. एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या पंखाच्या टोकापर्यंत ते ४० फूट भरे. त्याची प्रतिकृती पावणेसात इंचांच्या आत मावते. प्लॅस्टिकचे सुटे भाग पेटीतून मिळतात. ते घरी जोडायचे, रंगवायचे आणि शेवटी त्यांवर राष्ट्राचे चिन्ह, तुकडीची अक्षरे आणि विमानाचा क्रमांक चढवायचा.

हे शेवटचे काम हाताने करू म्हटले तर डोळे जातील. खऱ्या हरिकेनवरच्या क्रमांकाची अक्षरे आठ इंच उंचीची असत. प्रतिकृतीवर ती तीन मिलिमीटरसुद्धा होत नाहीत. ज्वारीच्या दाण्याहून लहान अक्षर कुंचल्याने कोण काढणार? म्हणून ही चिन्हे छापून मिळतात. त्यांना डिकल म्हणतात. लहानपणी पाण्यात भिजवून वहीवर उतरवायची चित्रे ज्यांनी पाहिली असतील, त्यांना हा प्रकार नवा वाटणार नाही.

आता, पेटीत डिकलचा एक ताव असतोच. मग वेगळे ताव छापून विकणारे छोटे छापखाने कशासाठी? कारण असे की, एकट्या स्पिटफायर जातीची २०,००० हून अधिक विमाने बांधली गेली. पेटी विकणारी कंपनी त्यांपैकी दोनतीन विमानांच्या खुणा देते, आणि त्याही बहुधा प्रसिद्ध विमानांच्या. ज्याला दुसरे एखादे विमान हवे, त्याने सुटा ताव शोधावा.

यात आपल्याही इतिहासाचा एक धागा आहे. १९४४ मध्ये इंफाळच्या लढाईत भारतीय हवाई दलाची पहिली तुकडी हरिकेन विमाने घेऊन लढत होती. तिचे नेतृत्व अर्जन सिंग यांच्याकडे होते. पुढे ते हवाई दलाचे प्रमुख झाले. समजा, एखाद्या विद्यार्थ्याला त्या तुकडीचे विमान करायचे आहे. पेटीतली चिन्हे बहुधा १९४० च्या, इंग्लंडवरच्या आकाशातील लढाईची असणार. म्हणजे वर्तुळाच्या मधोमध लाल ठिपका. तो तसाच चिकटवला की विमान खोटे झाले! जपानी विमानांवर सूर्याचे लाल वर्तुळ असे. घाईत, उंचावर, ढगांच्या फटीतून दिसलेल्या लाल ठिपक्यावर आपलाच तोफची आपल्याच वैमानिकावर गोळी झाडील, ही भीती खरी होती. म्हणून पूर्वेकडच्या आघाडीवर दोस्तांच्या विमानांवरून लाल रंग काढून टाकण्यात आला. उरले गडद निळे वर्तुळ आणि आत फिकट निळा ठिपका. अमेरिकेनेही मे १९४२ मध्ये आपल्या ताऱ्यातला लाल ठिपका पुसला. एवढ्याशा रंगावर माणसाचा जीव अवलंबून होता, ही गोष्ट पाठ्यपुस्तकापेक्षा असा एक ताव मुलांना लवकर समजावतो, असे मला वाटते.

पण हे रंग छापणाऱ्याला कळतात कसे? जुन्या छायाचित्रांवरून, आणि तेथेच फसगत आहे. त्या काळच्या काही फिल्मांना तांबडा रंग दिसतच नसे. अशा फिल्मवर तांबडे काळपट उमटते, पिवळेही गडद येते आणि निळे मात्र फिके पडते. विमानाच्या चिन्हाभोवतीचे पिवळे कडे काळे समजले, की चुकीचा ताव छापला जातो. तो शंभर जण वापरतात आणि पुढचा छापणारा त्या प्रतिकृतींनाच पुरावा मानतो. चांगला छापखाना म्हणूनच एका फोटोवर विसंबत नाही. तुकडीच्या नोंदी आणि दुसऱ्या कोनातून घेतलेले चित्र, सारे ताडून पाहतो.

एक चिन्ह तर आपल्या उंबऱ्यावरचे आहे. जर्मनीत नाझींचे स्वस्तिक जाहीर मांडायला कायद्याने बंदी आहे. त्यामुळे पुष्कळ पेट्यांतून विमानाच्या शेपटीवरचे ते चिन्ह गाळतात किंवा दोन तुकडे करून छापतात. फिनलंडच्या हवाई दलाने मात्र १९१८ पासून १९४५ पर्यंत निळे स्वस्तिक वापरले. नाझी पक्षाच्या जन्माआधीचे ते. एका स्वीडिश सरदाराने भेट दिलेल्या विमानावर ते शुभचिन्ह म्हणून होते. आकृती जवळपास तीच, अर्थ निराळा. शिक्षकांनी हे दोन ताव शेजारी ठेवून दाखवावेत.

चिकटवण्याची रीत सोपी, पण धीर लागतो. तावातले चिन्ह कापून कोमट पाण्यात काही क्षण बुडवायचे आणि ओल्या फडक्यावर ठेवायचे. मागचा डिंक सुटला की पातळ पापुद्रा कागदावरून सरकवून विमानावर घ्यायचा. त्याआधी विमानाला चकाकणारे वॉर्निश हवेच. खरखरीत रंगावर पापुद्र्याखाली हवा अडकते आणि सगळे चिन्ह चंदेरी दिसू लागते. नंतर पापुद्रा मऊ करणारे द्रावण लावतात. तेव्हा तो सुरकुततो. नवशिका घाबरून बोटाने सारखा करायला जातो आणि चिन्ह फाटते. हात लावू नये. वाळताना ते आपणच खाचाखोचांत बसते.

जुने ताव पिवळे पडतात. ते खिडकीच्या काचेला उन्हात चिकटवून ठेवले, तर काही दिवसांत पुष्कळसे पांढरे होतात. पण फार जुना ताव पाण्यात घालताच भुगा होण्याचा संभव असतो. त्यावर आधी पारदर्शक लाखेचा हात द्यावा आणि मग, लाखेचा पापुद्रा सलग झालेला असल्यामुळे, प्रत्येक चिन्ह कडेकडेने कातरून घ्यावे.