अमक्या वस्तादांचा पठ्ठा

आमच्या महाळुंगे पडवळची ओळख हुतात्मा बाबू गेनूंमुळे. सैद हे त्यांचं आडनाव पुष्कळांना ठाऊक नसतं. गेनू हे वडिलांचं नाव मात्र त्यांच्या नावाला कायमचं जोडलेलं. आंबेगाव-जुन्नरकडच्या यात्रांतल्या आखाड्यातही तीच रीत. रेवड्यांवरच्या पोरासोरांच्या कुस्त्या उरकतात, हलगी घुमते आणि मोठी जोड लागली की पुकारा होतो: अमक्या गावचा तमका, फलाण्या वस्तादांचा पठ्ठा! वस्ताद बाहेर बसलेला असतो, पण त्याचं नाव मातीत उतरलेलं असतं.

हरिश्चंद्र बिराजदारांची कारकीर्द आठवली की हा पुकारा कानात घुमतो. लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचा हा गडी कोल्हापूरच्या तालमीत घडला. १९६९ साली लातूरच्याच अधिवेशनात तो महाराष्ट्र केसरी झाला. पुढच्याच वर्षी एडिनबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक. मातीतली कुस्ती पाठ टेकेपर्यंत चालते. मॅटवर घड्याळ आणि गुण. लाल मातीत वाढलेल्या पोरानं तेही गणित सोडवलं. १९७२ला ‘रुस्तम-ए-हिंद’चा किताब आला.

तरी जुनी माणसं पारावर बसली की बोलतात ती १९७७च्या बेळगावच्या कुस्तीबद्दल. समोर दिल्लीचा सत्पाल, ऐन भरातला. बिराजदारांनी त्याला अस्मान दाखवलं. गंमत अशी की त्या दिवशी भिडलेले दोघंही पुढं वस्ताद झाले. सत्पाल यांच्या हाताखाली सुशीलकुमार तयार झाला, ऑलिंपिकमध्ये दोन पदकं घेऊन आला. बिराजदारांनी पुण्यातली गोकुळ वस्ताद तालीम धरली.

मल्लाचं आयुष्य आखूड. तिशी ओलांडली की गुडघे बोलायला लागतात. मग पुष्कळ जण जुन्या फोटोंखाली बसून राहतात. बिराजदार पहाटे तालमीत उभे राहिले. कुणाचे जोर अर्धे पडतात, कुणाची पकड सैल सुटते, कुणाच्या खुराकाची घरी ओढाताण आहे, हे सगळं वस्तादाला बघावं लागतं. काका पवार त्यांच्याच हाताखाली घडले आणि पुढं स्वतः वस्ताद झाले. बीडच्या पाटोद्याचा राहुल आवारेही याच तालमीत आला. २००६ साली बिराजदारांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला. सप्टेंबर २०११मध्ये ते गेले. राहुलचं मोठं यश अजून पुढं होतं. ते बघायला वस्ताद राहिले नाहीत. पुढची तयारी काका पवारांनी करून घेतली.

एप्रिल २०१८. ऑस्ट्रेलियातलं गोल्ड कोस्ट. ५७ किलोच्या अंतिम लढतीत राहुलनं कॅनडाच्या स्टीव्हन ताकाहाशीला १५–७ असं हरवलं. स्पर्धा तीच राष्ट्रकुलची, पदकही तेच सोन्याचं. मधे अठ्ठेचाळीस वर्षं. पुढच्या वर्षी जागतिक स्पर्धेत त्यानं कांस्यपदकही मिळवलं.

तिकडं हलगी नसते. खेळाडूचं आणि देशाचं नाव पुकारतात. वस्तादाचं नाव घ्यायची पद्धत नाही. राहुलनं गोल्ड कोस्टचं ते सोन्याचं पदक बिराजदारांना अर्पण केलं. राहिलेला पुकारा पठ्ठ्यानं स्वतःच्या तोंडानं पुरा केला.