दमल्यावरची भाकरी

दिवसभर राबून घरी आल्यावर काय खावं, याचं आमच्या बेळगावकडचं उत्तर ठरलेलं आहे. जोंधळ्याची गरम भाकरी, पिठलं, हिरव्या मिरचीचा खर्डा आणि बुक्कीनं फोडलेला कांदा. जिल्ह्याच्या पश्चिमेला, खानापूरकडं पाऊस जास्त, तिकडं भात पिकतो. अथणी-सौंदत्तीकडच्या काळ्या मातीत जोंधळा. शहरात दोन्ही येतं, पण दमल्यावर मन भाकरीवरच जातं. आमचे कन्नड शेजारी तिला जोळद रोट्टी म्हणतात. झुणका मात्र दोन्ही भाषांत झुणकाच. जेवणावरून आमच्या गल्लीत सीमावाद होत नाही.

अशा जेवणावर लिहायचं म्हटलं की 'आईच्या हातची चव' म्हणून विषय संपवायची पद्धत आहे. मला ते पटत नाही. ती चव येण्यामागं साधी कारणं आहेत, आणि ती कळली की काम दुसऱ्या कुणालाही शिकता येतं.

भाकरीपासून सुरुवात करू. गव्हाच्या पिठात ग्लुटेन असतं, त्यामुळं कणीक ताणली तरी तुटत नाही. ज्वारीत ते नसतं. म्हणून पोळीसारखी भाकरी लाटायला गेलं की कडा फाटतात. पीठ ताजं असेल तर त्याला स्वतःची थोडी चिकटाई असते. तिला विरी म्हणतात. पंधरा-वीस दिवस डब्यात राहिलेल्या पिठाची विरी जाते, आणि मग थापताना चिरा पडतात. त्यावर उपाय म्हणजे उकळतं पाणी. त्या उष्णतेनं पिठातला थोडा स्टार्च फुगून चिकट होतो आणि ग्लुटेनची जागा काही अंशी भरून काढतो. मग तळहातानं रगडून रगडून मळायचं. सगळ्या भाकरींचं पीठ एकदम मळून ठेवू नये. एकेका भाकरीपुरतं मळावं.

खरी गंमत तव्यावर आहे. थापताना खाली कोरडं पीठ भुरभुरलेलं असतं. भाकरी तव्यावर टाकताना ती पिठाची बाजू वर येते, आणि तिच्यावर पाणी फिरवतात. माझी समजूत होती की हे नुसतं पीठ धुऊन काढायला. पण त्या पाण्यानं वरचा थर ओला होऊन सांधला जातो, बारीक भेगा बुजतात. ते पाणी पूर्ण सुकायच्या आत उलटायचं. दुसरी बाजू नीट भाजली की पहिली बाजू थेट जाळावर. आत कोंडलेल्या वाफेला वाट मिळत नाही, ती पापुद्रा उचलते आणि भाकरी टम्म फुगते. वाट मिळाली तर फुगत नाही, एवढंच. दैव, हातगुण वगैरे काही नाही.

जाळावर पडणारे तपकिरी डाग म्हणजे भाजलेला स्टार्च आणि प्रथिनं. भूक खवळवणारा वास तिथूनच येतो. खानावळीतली भाकरी चांगली असली तरी टोपलीत एकावर एक बसून ती वाफेनं मऊ पडते. तव्यावरून ताटात पडायला अर्धा मिनिट लागणं, हा घरच्या जेवणाचा खरा फायदा.

पिठलं तर दमलेल्या माणसासाठीच शोधून काढल्यासारखं आहे. भाजी आणायला नको, काही भिजत घालायला नको. तेलात मोहरी, जिरं, हिंग, ठेचलेला लसूण, मिरची, कांदा. मसाल्यांचा वास तेलात चांगला उतरतो, म्हणून फोडणी आधी. वाटीभर बेसनाला साधारण तीन वाट्या पाणी. बेसन थंड पाण्यात कालवून घातलं की गुठळ्या होत नाहीत. कोरडं पीठ उकळत्या पाण्यात वैरणाऱ्या जुन्या बायका एका हातानं वैरतात नि दुसऱ्या हातानं घोटत राहतात. घोटणं थांबलं की पिठाच्या गोळीचं बाहेरचं आवरण लगेच शिजतं आणि आत कोरडं पीठ अडकतं. नंतर झाकण ठेवून मंद आचेवर पाचेक मिनिटं, कच्चट वास जाईपर्यंत.

ही जोडी पोटाला धरूनही राहते. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन नावाचा घटक कमी असतो, तो हरभऱ्याच्या डाळीत भरपूर असतो. शिवाय ज्वारी सावकाश पचते. आमच्या आधीच्या पिढ्यांनी लायसिनचं नाव ऐकलं नव्हतं, पण रात्री पुन्हा भूक लागत नाही हे त्यांना ठाऊक होतं.

आता अवघड भाग. दमून आलेल्यासाठी हे जेवण, पण ते करणारीही दमूनच आलेली असते. देशाच्या सांख्यिकी कार्यालयानं २०१९ मध्ये वेळेच्या वापराची पाहणी केली. बायकांपैकी ८१.२ टक्के आणि पुरुषांपैकी २६.१ टक्के घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणारे निघाले. असं काम करणाऱ्या बाईचा तेव्हा दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता, पुरुषाचा ९७. आमच्या घरी बाबा उद्यमबागेत फौंड्रीत, आई शिवणकामाला, मी कॉलेज सुटल्यावर एका दुकानात हिशेब लिहितो. तिघंही सातच्या सुमारास परततो. तरी दोन वर्षांपूर्वीपर्यंत चहा पिऊन दोघं बसत आणि एकजण परात काढी. एका संध्याकाळी तिनं परात काढलीच नाही. "आज मलाबी कुणीतरी वाढा की," एवढंच म्हणाली.

त्यानंतर वाटणी झाली. पीठ दळून आणणं आणि कांदा-लसूण बाबांकडं, पिठलं आळीपाळीनं, भाकरी माझ्याकडं. पहिले कित्येक दिवस माझी भाकरी कर्नाटकाच्या नकाशासारखी व्हायची. शेजारच्या अज्जींनी बघून विचारलं, "पोराला भाकरी थापायला लावलीस व्हय?" आई म्हणाली, "होय की. खातोय की तो." तिघांनी मिळून आठ भाकरी नि कढईभर पिठलं चाळीस मिनिटांत होतं. एकटीला तासाच्या वर लागायचा.

होस्टेलवर किंवा खोली करून राहणाऱ्यांनी पिठल्यापासून सुरुवात करावी, भाताबरोबरही ते झकास लागतं. भाकरीला महिनाभर द्या, आणि पीठ एका वेळी किलोच्या वर दळू नका.

एक सांगायचं राहिलं. लोखंडी कढईत तळाला पिठल्याची खमंग खरवड धरते. ती पूर्वी आमच्याकडं पोरांना मिळायची. आता ज्यानं पिठलं केलं त्याची, असं ठरलंय. म्हणून आजकाल पिठल्याच्या पाळीवरून भांडणं होतात, आणि आई दोन-दोन दिवस लागोपाठ तीच कढई मागते.